विचारा की! : ॲनिमेशन शिकायचंय, पण नेमकं काय शिकायचंय?

मागच्या अंकात जाता जाता मी लिहून गेले की ॲनिमेशन शिकणं म्हणजे सॉफ्टवेअर शिकणं नव्हे, आणि त्यावर एवढी पत्रं, एवढे मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. निम्म्या लोकांनी विचारलंय "मग शिकायचं तरी काय?" आणि उरलेल्यांनी विचारलंय "लॅपटॉप कुठला घेऊ?" दोघांनाही उत्तर आहे, लॅपटॉपवाल्यांना सगळ्यात कमी जागा.

प्रश्न : ताई, मी मिरजेची. बारावी आर्ट्सला आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, चित्रं चांगली येतात असं सगळे म्हणतात. पण घरचे म्हणतात ॲनिमेशनला सायन्स लागतं, आर्ट्सवाल्यांना कोण घेणार. खरंय का? आणि तयारी कशी करू?

उत्तर : अगं, नाही लागत सायन्स. यूसीड ही डिझाइनच्या पदवीची, म्हणजे बी.डेस.ची, प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, तिला बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि एनआयडीला, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनलाही तेच. फक्त यूसीड लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच देता येते, त्यामुळे "यंदा नुसतं बघू तर पेपर कसा असतो" म्हणून एक चान्स वाया घालवू नकोस, जुने पेपर साइटवर असतात ते घरी बसून बघ. पेपर जानेवारीत असतो आणि फॉर्म त्याच्या बरेच आधी निघतात, दिवाळीच्या फराळात तारीख हुकलेली मुलं मी दरवर्षी बघते.

एनआयडी अहमदाबाद १९६१ पासूनची संस्था, तिथे बी.डेस.मध्ये ॲनिमेशन फिल्म डिझाइन ही वेगळी शाखाच आहे, तिची प्रवेश परीक्षा डीएटी, आधी प्रिलिम्स आणि मग मेन्स, मेन्समध्ये हाताने वस्तू करून दाखवायला लावतात. आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल, आयडीसी, १९६९ चं, पण तिथे खास ॲनिमेशन एम.डेस.ला आहे, म्हणजे ग्रॅज्युएशननंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीचं डिझाइन कॉलेज आहे, फी ऐकून वडिलांना आधी खाली बसायला सांग.

आता तयारी. इंटरमिजिएटची ए ग्रेड ही चांगली गोष्ट आहे पण तिचा फार अभिमान धरू नकोस, कारण तिथे आपण स्थिरचित्र काढतो, कळशी, कांदा आणि मागे पडदा, कांदा हलत नाही. त्या परीक्षेतलं स्मरणचित्र तेवढं इथे कामाला येतं. आणि पोर्टफोलिओत हीरो-हिरॉइनची पेन्सिल पोर्ट्रेट, जपानी कार्टूनवरून उतरवलेली पोरं, असलं काही घालू नकोस, बघणाऱ्याने दिवसभरात तशी पन्नास बघितलेली असतात आणि त्यातून त्याला एवढंच कळतं की तुला फोटोवरून उतरवता येतं.

तू मिरजेत राहतेस, म्हणजे तुझ्याकडे सतारमेकर गल्ली आहे. वही घेऊन जा, विचारून बस एका दुकानात, आणि भोपळा घासणारा हात काढ. हात नाही, घासणं काढ. एका चित्राला ३० सेकंद, मोबाइलवर टायमर लावून. खांदा कुठे जातो, कोपर कधी उघडतं, माणूस जोर लावतो तेव्हा मान कशी आत जाते. पहिली शंभर चित्रं भयाण येतील, ती फाडू नकोस, तारखा टाकून ठेव. तिथून उठलीस की मिरज जंक्शनवर जा, डोक्यावर गाठोडं आणि कडेवर पोर घेऊन जिना चढणाऱ्या बायका काढ. इंटरव्ह्यूला ती वही घेऊन गेलीस तर पोर्टफोलिओच्या चकचकीत पानांपेक्षा जास्त वेळ लोक तीच चाळतील, हे मी पैजेवर सांगते.

प्रश्न : मॅडम, मी जळगावचा. मुलगा बारावी झाला, ॲनिमेशनच करायचं म्हणून हटून बसलाय. एका खासगी इन्स्टिट्यूटने १०० टक्के प्लेसमेंट सांगितली आहे, फी काही लाखांत आहे आणि ती आजच भरली तर डिस्काउंट देतो म्हणतात. भरू का?

उत्तर : आज नका भरू. एवढं उत्तर पुरे आहे खरं तर, पण सविस्तर लिहिते कारण मी स्वतः त्यातून गेलेय.

वीसेक वर्षांपूर्वी मी पण अशाच एका इन्स्टिट्यूटमध्ये कर्ज काढून कोर्स केला, नाव सांगत नाही. सव्वा वर्षात तीन सर बदलले. शिकवायची पद्धत अशी की सॉफ्टवेअरचा मेन्यू डावीकडून उजवीकडे, आज फाइल, उद्या एडिट, परवा मॉडिफाय, जसं काही आम्ही टायपिंगच्या क्लासला बसलोय. शेवटी माझ्या शोरीलमध्ये, म्हणजे नोकरीसाठी आपलं काम दाखवायच्या छोट्या व्हिडिओत, एक क्रोमचा रोबो होता जो स्वतःभोवती गोल फिरायचा आणि मागे धडाम धडाम म्युझिक. मुंबईत पहिल्या इंटरव्ह्यूला गेले, समोरच्या बाईने शांतपणे रील बघितलं आणि म्हणाली, हे ठीक आहे, इथे बसून एक चेंडू टप्पे खाताना करून दाखव, रबरी नको, क्रिकेटचा. मला नाही आलं. सगळे मेन्यू पाठ होते आणि चेंडू पडत कसा असतो ते मी आयुष्यात कधी बघितलंच नव्हतं. घरी येताना लोकलमध्ये रडले, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर भावाचा चेंडू आपटत बसले.

तर आता तुम्ही काय बघायचं. सगळ्यात आधी, मिळणार काय आहे, डिग्री की सर्टिफिकेट. डिग्री म्हणत असतील तर ती कुठल्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, आणि त्यांना त्या कॉलेजात हा कोर्स चालवायची परवानगी आहे का, कारण काही ठिकाणी वर्ग जळगावला आणि डिग्री भलत्याच राज्यातल्या कुठल्या तरी विद्यापीठाची असा मामला असतो. मुलाला पुढे एम.डेस. करायचं झालं, बाहेर जायचं झालं, सरकारी जागेचा फॉर्म भरायचा झाला तर तेव्हा हे आडवं येतं. दुसरं म्हणजे न कळवता एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी तिथे जा. मुलं काम करतायत का, मास्तर कुणाच्या तरी खुर्चीमागे उभा राहून "हे परत कर" म्हणतोय का, की सगळे यूट्यूब लावून बसलेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं काम दाखवा म्हणा. ब्रोशरमधलं नको, तिथल्या मुलांनी तिथे बसून केलेलं.

आणि १०० टक्के प्लेसमेंट म्हणजे काय तेही विचारा. बऱ्याचदा ती रोटोची नोकरी असते. रोटो म्हणजे शूटिंगमधल्या माणसाची कड फ्रेम बाय फ्रेम कापून काढायची, केसांसकट, म्हणजे त्याच्यामागे दुसरं काही टाकता येतं. काम वाईट नाही, माझे कित्येक मित्र तिथूनच वर गेले, पण ते ॲनिमेशन नव्हे, रात्रपाळी असते आणि ते शिकायला लाखो रुपये आणि दोन वर्षं लागत नाहीत. मुलाला हे आधीच माहीत असलेलं बरं. फी हप्त्याने भरा आणि हप्ता म्हणजे इन्स्टिट्यूटला हप्ता, फायनान्स कंपनीला नाही, कारण तिथे मुलाने कोर्स सोडला तरी ईएमआय चालूच राहतो. "आजच भरा"वाल्यांना सांगा, आमच्याकडे अमावस्येला पैसे देत नाहीत.

प्रश्न : मॅम, मी सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, संभाजीनगर. आम्हाला कॉम्प्युटर ग्राफिक्स विषय आहे, त्यात टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये डीडीए आणि ब्रेझनहॅम या दोन रीतींनी स्क्रीनवर रेघा काढतोय. मला गेम्स आणि व्हीएफएक्समध्ये (सिनेमातले कॉम्प्युटर इफेक्ट्स) जायचंय पण चित्रकला शून्य. या रेघांचा पुढे काही उपयोग आहे का, की सोडून सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर : टर्बो सी! अजून! म्हणजे ग्राफिक्स सुरू करणारी ती 'इनिटग्राफ'ची ओळ, तिच्यातला फाइलचा पत्ता चुकला की काळा स्क्रीन आणि अर्ध प्रॅक्टिकल संपलं.

पण ऐक, विषय सोडू नकोस, मास्तरांनी तो मेलेला करून दिलाय एवढंच. ब्रेझनहॅमने रेघ काढायचं ते तंत्र १९६२ साली आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी काढलं. प्लॉटर म्हणजे कागदावर पेन चालवणारं मशीन, ते एकदम तिरकं हवं तसं जाऊ शकत नाही, पायरी पायरीने जातं, आणि तेव्हाच्या मशीनला अपूर्णांकांचं गणित जड जायचं. मग या माणसाने अशी युक्ती काढली की फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून प्रत्येक पायरीला ठरवायचं, सरळ जाऊ की तिरका. परीक्षेत आपण टेबल भरतो, पण त्यामागे ही अडचण होती हे कळलं की मजा येते.

आणि पुढची बरीचशी गोष्ट एका युनिव्हर्सिटीतच घडलीय. अमेरिकेत युटा विद्यापीठात, साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात. तिथे शिकवायला होते आयव्हन सदरलंड, ज्यांनी १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड केलं, स्क्रीनवर लाइट पेनने रेघ ओढायची. विद्यार्थी कोण तर गुरो आणि फाँग, ज्यांच्या नावाची शेडिंग्ज, म्हणजे वस्तूवर उजेड-सावली रंगवायच्या रीती, तुझ्या सिलॅबसमध्ये असतील, पुढे ॲडोबी काढणारा वॉर्नॉक, आणि एड कॅटमल, जो नंतर पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा सहसंस्थापक झाला. कॅटमलच्या १९७४ च्या पीएचडीत झेड-बफर आहे, कुठली वस्तू पुढे दिसेल आणि कुठली मागे झाकली जाईल ते ठरवायची युक्ती. ते इतकं साधं आहे की हसू येतं. प्रत्येक पिक्सेलजवळ एक छोटी वही, त्यात लिहिलेलं की आत्तापर्यंत माझ्या वाट्याला आलेली सगळ्यात जवळची गोष्ट किती अंतरावर होती. नवीन त्रिकोण आला, अंतर कमी असेल तर रंग बदला आणि वहीत नवा आकडा लिहा, जास्त असेल तर चल पुढे. बस. तेव्हा मेमरी एवढी महाग होती की पिक्सेलमागे एक वही ही चैनच वाटायची, आज तुझ्या खिशातला मोबाइल सेकंदाला कोट्यवधी वेळा हेच करतोय. त्याच विभागात १९७५ मध्ये मार्टिन न्यूएलला मॉडेल करायला काहीतरी वस्तू हवी होती, बायको म्हणाली चहाची किटली कर की, आणि त्याने समोरच्या किटलीचं कागदावर चित्र काढून बेझिए वळणांत, म्हणजे गणिताने आखलेल्या वळणांत, बसवली. ग्राफिक्सवाल्यांत नमुना म्हणून जगभर फिरलेली किटली ती तीच. मूळ किटली कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि ती स्क्रीनवर दिसते त्याहून उंच आहे.

तुला चित्र येत नाही तर नको येऊ दे, गणित येऊ दे. व्हेक्टर, मॅट्रिक्स, डॉट प्रॉडक्ट एवढ्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम कर. सी प्लस प्लसमध्ये छोटा रे ट्रेसर लिही, ग्राफिक्सची कुठलीही लायब्ररी न घेता, डोळ्यातून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोड, गोळ्याला लागतो का बघ, लागला तर रंग किती उजळ ते काढ आणि नुसत्या आकड्यांची टेक्स्ट फाइल लिही, पीपीएम म्हणतात तिला, ती चित्र म्हणून उघडते. उजेडाचं गणित तुझ्या आजीला माहितीय, कुरडया बाराच्या उन्हात लवकर वाळतात आणि पाचच्या उन्हात नाही, कारण ऊन तिरकं झालं की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो. पृष्ठभागाची दिशा आणि उजेडाची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट, तेवढंच आहे ते. पहिल्यांदा गोळा काळा येईल, तुझं नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाची ती दिशा, उलटं असेल, चिन्ह बदल. ज्या रात्री तो गोळा गोल दिसेल त्या रात्री तुला कळेल की हे आपलं क्षेत्र आहे की नाही.

पुढे दोन रस्ते. स्टुडिओत टेक्निकल डायरेक्टर, टीडी म्हणतात, म्हणजे आर्टिस्ट लोकांची हत्यारं बनवणारा माणूस, त्याला पायथन ही भाषा आणि हुडिनी हे इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर लागतं, आणि चांगले टीडी कायम कमी पडतात. किंवा प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक., ट्रिपल आयटी हैदराबादला व्हिज्युअल इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीचं सेंटर आहे, आयआयटींमध्ये ग्राफिक्सवर काम करणारे प्राध्यापक आहेत, त्यांचे पेपर आधी वाच आणि मग मेल कर, "रिस्पेक्टेड सर आय ॲम पॅशनेट" असला मेल करू नकोस.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, डोंबिवली. आपल्याकडे ॲनिमेशन शिकवायची परंपरा होती का हो, की सगळं हल्लीच परदेशातून आलं?

उत्तर : सर, थोडं आलं आणि थोडं होतंच. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत मटार पेरून त्याचा वेल वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं, ते ॲनिमेशन नाही म्हणता येणार पण फ्रेम फ्रेमने वेळ पकडायची कल्पना तीच. शिकवण्याचं म्हणाल तर १९५६ मध्ये मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून युनिट सुरू केलं आणि डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या मुलांना शिकवायला आले, भारतातच जन्मलेले गृहस्थ ते. त्या युनिटमध्ये तयार झालेले राम मोहन पुढे या धंद्याचे सगळ्यांचे गुरुजी झाले, २०१४ ला पद्मश्री मिळाली. आणि दूरदर्शनवर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलेलं ते 'एक चिडिया, अनेक चिडिया', १९७४ चं, ते विजया मुळ्यांचं, त्या मुंबईत जन्मलेल्या. कॉलेज असं नव्हतं, कारखाना होता आणि तिथेच शिकायचं, सुताराकडे पोर राहतं तसं. गंमत म्हणजे फिल्म्स डिव्हिजनच्या त्या पेडर रोडच्या आवारातच २०२५ मध्ये केंद्राची नवी संस्था सुरू झालीय, आयआयसीटी, ॲनिमेशन, गेमिंग आणि व्हीएफएक्ससाठी. नवीन आहे, तिच्यातून पहिल्या काही बॅच बाहेर पडू देत, मग बोलू. तुम्ही तिकडे गेलात तर शेजारचं सिनेमाचं म्युझियमही बघा, लिफ्ट आहे.

प्रश्न : ताई, आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टला असतो. मुलगी अकरावीच्या वयाची आहे, तिला ॲनिमेशन करायचंय. भारतात पाठवू, इथेच ठेवू, की इंग्लंड-अमेरिका? माझी आई पुण्याहून सारखी म्हणते इकडे पाठव, इकडे चांगलं आहे.

उत्तर : आईला दुरून डोंगर साजरे दिसतायत, आणि तुम्ही डोंगरावरच बसलायत! तुमच्या घरापासून लोकल ट्रेनने थोड्या अंतरावर लुडविग्सबुर्गला फिल्मअकाडेमी आहे, १९९१ ची, तिचं ॲनिमेशनचं इन्स्टिट्यूट युरोपातल्या नावाजलेल्यांपैकी आहे आणि लोक जगभरातून तिथे घुसायला धडपडतात. जर्मन चांगलं लागतं, ते तुमच्या मुलीला येतच असेल. प्रवेश सोपा नाही, आधीचं काम, अनुभव सगळं मागतात, त्यामुळे शाळा संपल्या संपल्या मिळेल असं धरून चालू नका. पण आत्ता लगेच एक करता येईल. श्टुटगार्टला दर वर्षी वसंतात ट्रिकफिल्म, म्हणजे ॲनिमेशन फिल्म्सचा, फेस्टिव्हल असतो, १९८२ पासूनचा, श्लॉसप्लाट्स चौकात मोठ्या पडद्यावर उघड्यावर फुकट दाखवतात, चटई आणि डब्यात पोळीभाजी घेऊन जा. तिथे विद्यार्थ्यांच्या फिल्म्स बघू दे तिला, मोठ्या स्टुडिओच्या नव्हे, म्हणजे अठरा-वीस वर्षांची पोरं काय करतात याचा अंदाज येईल.

बाकी पॅरिसचं गोबलाँ, चित्रकलेचा हात पक्का असेल तर. इंग्लंडात बोर्नमथ, तिथे एकाच छपराखाली कलेकडून येणाऱ्यांचा एक कोर्स आणि गणिताकडून येणाऱ्यांचा दुसरा असं आहे, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेत कॅलआर्ट्स. फीचं गणित तुम्ही घरी करा, मी केलं होतं एकदा, मग परत केलं नाही.

प्रश्न : एआय एका मिनिटात व्हिडिओ बनवून देतंय. माझी मुलगी चार वर्षं ॲनिमेशन शिकून बाहेर येईपर्यंत हे काम उरणार आहे का? खरं सांगा. एक काळजीत पडलेली आई, नाशिक.

उत्तर : खरं सांगते. काही कामं जाणार आणि काही गेलीयत. वर ज्या रोटोबद्दल लिहिलं ते, क्लीनअप म्हणजे चित्रं साफ करणं, दोन चित्रांमधली चित्रं भरणं, म्हणजे जी कामं नवीन पोरं करायची आणि करता करता शिकायची, नेमकी तीच पहिल्यांदा आक्रसतायत. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या निघतायत आणि वरच्या आहेत, आणि हे मला स्वतःला फार खुपतं, कारण वर चढायचं कसं याचं उत्तर कुठल्याच स्टुडिओकडे मी ऐकलं नाहीये.

पण सगळं एआयच्या माथी मारू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मोठा व्हीएफएक्स ग्रुप कोसळला, एमपीसी आणि द मिल हे स्टुडिओ त्यांचेच, आणि बंगळुरू-मुंबईत हजारो जण एका आठवड्यात घरी बसले. ते कर्जामुळे झालं आणि २०२३ च्या हॉलिवूडच्या संपांनंतर कामं रोडावली म्हणून झालं. म्हणजे हा धंदा आधीपासूनच असा आहे, परदेशातला कुणी तरी शिंकला की इथे सर्दी. मुलगी यात येणार असेल तर तिने सहा महिन्यांचा खर्च कायम बाजूला ठेवायची सवय पहिल्या पगारापासून लावावी, हे मी शाप म्हणून नाही, अनुभवाने सांगते.

आणि दुसऱ्या बाजूला हेही बघा, २०२५ मध्ये ऑस्करला बेस्ट ॲनिमेटेड फीचर कुणाला मिळालं तर लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला, छोटी टीम, ब्लेंडरमध्ये बनवलेली, जे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून खुलं करून घेतलं, अगदी गणपतीची वर्गणी काढतात तसं. एका मांजराची गोष्ट आणि त्यात एक शब्दही संवाद नाही. त्या मांजराने कधी कान मागे घ्यायचे हे कुणीतरी मांजराकडे खूप वेळ बघून ठरवलंय. मुलीला चार वर्षांत ते बघणं शिकवत असतील तर पाठवा, आणि नुसती बटणं शिकवत असतील तर ती बटणं ती बाहेर पडायच्या आधीच जुनी होतील. सोबत तिला लिहायला, गोष्ट सांगायला येऊ दे, आणि मेडिकल व्हिज्युअलायझेशन, शाळांचे व्हिडिओ, आर्किटेक्टचे वॉकथ्रू या बाजूच्या गल्ल्याही माहीत असू देत, भाडं तिथून निघतं.

प्रश्न : लॅपटॉप कुठला घेऊ? (हा प्रश्न एकवीस जणांचा.)

उत्तर : पहिलं वर्ष घेऊच नका. कॉलेजची लॅब वापरा, घरी वही वापरा. मग घ्याल तेव्हा पैसे ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवर घाला, स्क्रीन बारीक पडला तर जुना मॉनिटर जोडा, आणि वजनदार का होईना हवा खेळणारं मशीन घ्या, कारण रेंडर, म्हणजे मशीनने अंतिम चित्रं तयार करणं, रात्रभर चालतो आणि सडपातळ लॅपटॉप पहाटे तीनला तवा होतो. माया हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना एज्युकेशन लायसन्सवर फुकट मिळतं, ब्लेंडर तर आहेच. चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. आणि ज्यांनी लिहिलंय की चांगलं मशीन नाही म्हणून शोरील अडलंय, त्यांनी नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण परत एकदा मोठ्याने म्हणा.

प्रश्न : ताई, मी फर्स्ट इयरला आहे, वॉक सायकल (माणसाच्या चालण्याचं ॲनिमेशन) असाइनमेंट तीनदा परत आली. सर म्हणतात "वजन नाही" आणि पुढे जातात. सोबत फाइल पाठवलीय. माझा माणूस बर्फावरून घसरत चालल्यासारखा का दिसतो? सोलापूर.

उत्तर : तुझी फाइल बघितली, आणि मला या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र हे आहे. दोन वेगळे आजार आहेत, सरांनी एकाच नावाखाली घातलेत.

पहिला आजार घसरण्याचा. तू जागच्या जागी चालवतोयस, म्हणजे शरीर तिथेच आणि टेकलेला पाय जमिनीबरोबर मागे सरकतो. आता जमीन कधी हळू कधी जोरात सरकते का? नाही. पण तू की लावल्या, म्हणजे मुख्य पोझेस ठरवल्या, आणि त्यांच्यामधला वेग दाखवणारा कर्व्ह सॉफ्टवेअरने दिलेला तसाच ठेवला, तो दोन्ही टोकांना मऊ असतो, म्हणजे पाय सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी परत हळू जातो. तोच बर्फ. हे कर्व्ह दिसतात तो ग्राफ एडिटर उघड, टाच टेकल्यापासून चवडा उचलेपर्यंत पायाचा पुढे-मागे जाणारा जो कर्व्ह आहे तो पट्टीने आखल्यासारखा सरळ कर. पाय हवेत असताना हवा तेवढा मऊ ठेव.

दुसरा वजनाचा. तुझं १ नंबरच्या फ्रेमला कॉन्टॅक्ट आहे, म्हणजे टाच टेकते, ७ ला पासिंग, म्हणजे एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, १३ ला दुसऱ्या पायाचं कॉन्टॅक्ट, इथपर्यंत बरोबर, २४ फ्रेमच्या सेकंदाला दोन पावलं. पण ४ आणि १० कुठे आहेत? तू ते सॉफ्टवेअरवर सोडलंस. टाच टेकली की शरीर लगेच वर नाही जात, आधी त्या पायावर बसतं, गुडघा वाकतो, कंबर सगळ्यात खाली येते, ते ४. मग पाय शरीराला ढकलतो आणि १० ला आपण सगळ्यात उंच असतो. तुझ्याकडे कंबर १ ते १३ एकाच पातळीत राहतेय, म्हणून तो माणूस दोरीला टांगलेल्या बाहुलीसारखा दिसतो. आणि वरून बघ, कंबर डावी-उजवीकडेही गेली पाहिजे, ज्या पायावर उभे आहोत त्याच्या वर, नाहीतर खरा माणूस पडेल.

हे पटत नसेल तर एक कर. सकाळी पाणी येतं तेव्हा डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची चाल मोबाइलवर बाजूने शूट कर, घरचंच कुणी असेल तर बरं, आणि फ्रेम फ्रेम पुढे ढकल. हंडा जवळजवळ सरळ रेघेत जातो, पाणी सांडत नाही. म्हणजे वर-खाली होणं गेलं कुठे? ते सगळं तिने गुडघ्यात आणि कमरेत जिरवलंय. तिची ४ नंबरची फ्रेम शोध, गुडघा बघ किती वाकलाय. मग तीच बाई रिकामा हंडा घेऊन परत जाताना शूट कर आणि दोन्ही एकाखाली एक ठेव.

तुझ्या फाइलमध्ये हात छान आहेत, त्यांना हात लावू नकोस. आधी ४ दुरुस्त कर, मग १०, आणि अठ्ठावीस सेकंदांचं रेंडर नको पाठवूस, नुसता प्लेब्लास्ट, म्हणजे झटपट कच्चा व्हिडिओ, पाठव, हिरव्या शर्टाचं टेक्स्चर मी बघितलंय.